‘डील करूया का?’

परवा वाघोलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर आम्ही शंभर शेंगदाणे मांडले होते, तीन ढिगांत. एकात पन्नास, दुसऱ्यात तीस, तिसऱ्यात वीस. बहिणीचा मुलगा खराडीला आयटीत नोकरी करतो. पुढच्या महिन्यात तो पणजीला पोकरची टूर्नामेंट खेळायला चाललाय. पत्त्यांतलं त्याला मी शिकवावं असं फारसं उरलेलं नाही. त्याचं अडलं होतं ते भलतीकडेच. ‘‘मामा, समज शेवटी आम्ही तिघंच उरलो आणि त्यातला एक म्हणाला, डील करूया, तर मी काय बोलायचं? आणि मलाच डील करावीशी वाटली, तर विचारायचं कसं?’’

कुठला पत्ता कधी टाकून द्यावा हे सांगणारे शेकड्यानं भेटतात. हे मात्र माणूस टेबलावर बसूनच शिकतो, आणि शिकेपर्यंत कुणाचं तरी नुकसान करून मोकळा होतो. मीही केलंय, ते पुढे सांगतो.

आधी पैसा कुणाचा, हे नीट समजून घ्यायला हवं. महाराष्ट्रात जुगाराचा अड्डा चालवणं १८८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पैसे लावून ऑनलाइन खेळायचे खेळ बंद करणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. त्यामुळे रीतसर खेळायचं तर पुण्याची पोरं गोव्याला, मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटींवर जातात. तिथल्या टूर्नामेंटमध्ये प्रत्येकजण ठरलेली प्रवेश फी भरतो. त्यातला लहानसा भाग आयोजक स्वतःसाठी ठेवतात आणि बाकीच्याचं बक्षीस होतं. फी भरली की सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. या चिप्स म्हणजे रोख रक्कम नव्हे, त्या खिडकीवर मोडून मिळत नाहीत. चिप्स संपल्या की माणूस उठतो. शेवटच्या काहीजणांना क्रमांकाप्रमाणे बक्षीस मिळतं, आणि ते वरच्या टोकाला फार झपाट्यानं वाढतं.

दर काही मिनिटांनी ब्लाइंड वाढतात. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधीच आळीपाळीनं दोघांना भरावी लागणारी सक्तीची रक्कम. शेवटी तिघं-चौघं उरतात तेव्हा ती इतकी वाढलेली असते की थोडा वेळ वाट बघत बसलं तरी ढीग झपाट्यानं झिजतो. दहा-बारा तास डोकं चालवून माणूस तिथवर पोचलेला असतो आणि आता एका पत्त्यावर दोन-तीन लाखांचा फरक पडणार असतो. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, उरलेलं बक्षीस आपसात ठरवून वाटून घेऊ. हीच डील. काही ठिकाणी तिला चॉपही म्हणतात.

हे ऐकल्यावर भाच्याच्या कपाळावर आठी पडली. ‘‘म्हणजे नुरा कुस्तीच की!’’

त्याला असं वाटणं साहजिक होतं, कारण आमच्याकडे कुस्ती रक्तात आहे. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत जत्रेला आखाडा भरायचा. हलगी कडाडायची आणि चाळीस मिनिटं झाली तरी कुणाची पाठ लागेना अशी जोड असली की पंच मध्ये पडून कुस्ती बरोबरीत सोडवायचे, इनाम दोघांत निम्मं-निम्मं. त्यावर कुणी हरकत घेत नसे, कारण निवाडा सगळ्या फडासमोर व्हायचा. नुरा कुस्तीत दोघांनी आदल्या रात्रीच ठरवलेलं असतं आणि फड त्यांच्या अंगावरच्या मातीकडे बघून टाळ्या पिटत असतो. तिथला गुन्हा वाटून घेण्यात नसतो, तो लपवण्यात असतो.

पोकरमध्ये आणखी एक गोष्ट वेगळी आहे. जत्रेतलं इनाम गावानं वर्गणी काढून लावलेलं असतं. ते गावाचं, म्हणून गावाला खरी कुस्ती बघायचा हक्क. टूर्नामेंटचं बक्षीस खेळणाऱ्यांनीच भरलेलं असतं. जे हरून उठले त्यांचा त्यावरचा हक्क संपला, जे बसलेत त्यांचा उरला. त्यांनी आपला पैसा कसा वाटावा, हे त्यांनीच ठरवायचं. मात्र ते टेबलावरच्या प्रत्येकाला मान्य हवं आणि आयोजकांसमोर व्हायला हवं. बाकीचे सगळे रीतिरिवाज या दोन अटींतूनच निघतात.

सगळे आयोजक यात पडत नाहीत. अमेरिकेतली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर अशा वाटणीत मध्यस्थी करत नाही. युरोपियन पोकर टूरमध्ये घड्याळ थांबवून, आकडे काढून, सह्या घेऊन ती केली जाते. म्हणून मी भाच्याला सांगितलं, नाव नोंदवतानाच विचारून घे, इथे डील चालते का आणि ती तुमच्याकडून होते का. त्या घडीला हा प्रश्न अगदी निरुपद्रवी असतो. शेवटच्या टेबलावर तोच विचारला, की हा घाबरला असा अर्थ निघतो.

आता ढिगांकडे येऊ. अर्धवट राहिलेल्या खेळाचा पैसा कसा वाटायचा, हा प्रश्न पोकरपेक्षा पुष्कळ जुना आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं १४९४ मध्ये त्याचं उत्तर दिलं होतं, की ज्यानं जितके डाव जिंकलेत त्या प्रमाणात वाटा. ऐकायला सरळ, पण चूक. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहून खरी गोष्ट पकडली, की मागे काय झालं ते मोजायचं नसतं, खेळ पुढे चालला असता तर काय काय होऊ शकलं असतं ते मोजायचं असतं. शक्यतेचं गणित जन्मलं ते या वाटणीतून. मला हे फार मोलाचं वाटतं. आज विमा, हवामान, औषधांच्या चाचण्या ज्या गणितावर चालतात त्याच्या मुळाशी दोन माणसांना पैसे न्यायानं वाटता यावेत ही तळमळ आहे.

आमच्या टेबलावरची बक्षिसं अशी धरली: पहिलं ५ लाख, दुसरं ३ लाख, तिसरं २ लाख. एकूण १० लाख. पन्नास शेंगदाण्यांचा ढीग भाच्याचा, तीसचा माझा, वीसचा बहिणीचा. ती स्वयंपाकघरातून येऊन उभ्या-उभ्याच खेळात सामील झाली.

सगळ्यात सोपी वाटणी म्हणजे सारखे तीन वाटे, प्रत्येकी ३ लाख ३३ हजार. ढीग जवळजवळ सारखे असतील तर हेच उत्तम, उगाच कॅल्क्युलेटर काढू नये. पण इथे भाच्याकडे निम्म्या चिप्स आहेत, तो हे का मान्य करील?

दुसरी रीत चिप्सच्या प्रमाणाची. तिसरं बक्षीस, म्हणजे २ लाख, तिघांनाही कुठेच गेलेलं नाही. ते आधी प्रत्येकाच्या नावावर टाकायचं. उरले ४ लाख. त्यातला निम्मा भाग भाच्याला, तीस टक्के मला, वीस टक्के बहिणीला. भाचा ४ लाख, मी ३ लाख २० हजार, बहीण २ लाख ८० हजार. हिशेब बोटांवर होतो, म्हणून हीच रीत सगळ्यात जास्त सुचवली जाते. आणि सुचवणारा बहुतेक वेळा मोठ्या ढिगामागे बसलेला असतो.

तिची खोड बघायची तर ढीग ऐंशी, दहा, दहा असे करा. आम्ही केले. ऐंशीवाल्याला २ लाख अधिक ४ लाखांचे ऐंशी टक्के, म्हणजे ५ लाख २० हजार. पहिलं बक्षीसच ५ लाखांचं आहे! सगळे डाव जिंकूनही जे मिळालं नसतं त्याहून जास्त त्याला न खेळता मिळतंय. भाच्यानं दोनदा बेरीज करून पाहिली. पाचोलीची चूक ती हीच, माणूस मागचं मोजत बसला.

तिसऱ्या रीतीला आयसीएम म्हणतात. तिच्यामागचं सूत्र डेव्हिड हारव्हिल या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलं होतं. पहिला कोण येईल याचा अंदाज असेल तर दुसरा आणि तिसरा कोण, हे कसं काढावं याचं ते सूत्र. १९८७ मध्ये मेसन मालमुथ यांनी ते पोकरला लावलं. पद्धत अशी. ज्याच्याकडे निम्म्या चिप्स, तो पहिला येण्याची शक्यता पन्नास टक्के. आता समजा मी पहिला आलो. माझे तीस शेंगदाणे बाजूला काढा. उरले सत्तर, त्यातले पन्नास भाच्याचे, म्हणून तो दुसरा येण्याची शक्यता सत्तरात पन्नास. बहीण पहिली आली तर तिचे वीस बाजूला, उरले ऐंशी, त्यात भाच्याचे पन्नास. या सगळ्या वाटा जोडल्या की भाचा पन्नास टक्के वेळा पहिला, सुमारे चौतीस टक्के वेळा दुसरा आणि सोळा टक्के वेळा तिसरा येतो. प्रत्येक शक्यतेला त्या-त्या बक्षिसानं गुणून बेरीज केली की त्याचा वाटा ३ लाख ८३ हजार ९२९ रुपये. माझा ३ लाख २७ हजार ५००. बहिणीचा २ लाख ८८ हजार ५७१.

म्हणजे चिप्सच्या प्रमाणात वाटलं असतं तर बहिणीचे साडेआठ हजार आणि माझे साडेसात हजार भाच्याच्या खिशात गेले असते. कुणीही खोटं न बोलता.

आयसीएमही काही देववाणी नाही. तिच्या लेखी सगळे सारखेच हुशार असतात आणि पुढचा ब्लाइंड कुणावर येतोय हे तिला दिसत नाही. चांगला खेळणारा माणूस आपल्या आकड्यावर थोडं जास्त मागू शकतो, त्यात अशिष्ट काही नाही. पण रक्कम स्पष्ट सांगून मागावं, एकदा मागावं आणि नाही म्हटलं तर विषय सोडून द्यावा. बोलणी सुरू करायला मात्र हेच आकडे धरावेत असं माझं ठाम मत आहे, कारण ते कुणाच्याही बाजूनं बोलत नाहीत.

आता मी काय केलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मांडवीतल्या एका बोटीवर आम्ही चौघं उरलो होतो. रात्रीचे अडीच वाजून गेलेले. सगळ्यात मोठा ढीग ज्याचा होता त्यानं चिप्सच्या प्रमाणात वाटायचं सुचवलं. दुसरा लगेच हो म्हणाला, मीही मान हलवली. चौथा सोलापूरकडचा, पंचविशीचा, सगळ्यात लहान ढिगाचा. तो म्हणाला, ‘‘मला खेळायचंय.’’ त्यावर मोठ्या ढिगाचा माणूस हसला. ‘‘अरे, दोन डावांत जाशील. तुझ्या भल्याचंच सांगतोय.’’ दुसऱ्यानं घड्याळ दाखवलं. त्या मुलानं एक चिप उचलून बोटांवर फिरवली, खाली ठेवली, परत उचलली. तो एकदा माझ्याकडे बघून गेला, कारण टेबलावर मराठी बोलणारा दुसरा मीच होतो. मी पाण्याची बाटली उघडत होतो. थोड्या वेळानं तो ‘‘ठीक आहे’’ म्हणाला.

घरी आल्यावर मी आकडे मांडून पाहिले. त्याचे पंधरा हजारांच्या वर गेले होते. त्यातले काही माझ्याकडे आले होते. मी त्याला दमदाटी केली नव्हती, पण ‘‘तो नाही म्हणालाय, खेळ सुरू करा’’ एवढं बोलायला माझं काही जात नव्हतं. ते वाक्य मी त्यानंतर प्रत्येक वेळी बोललोय.

म्हणून भाच्याला सगळ्यात आधी हे सांगितलं, की एक ‘नाही’ पुरे. कारण विचारायचं नाही. पुन्हा विचारायचं नाही, निदान एखादा खेळाडू उठेपर्यंत किंवा ढिगांचं चित्र पार पालटेपर्यंत नाही. नाही म्हणणारा कदाचित घरून पहिल्या क्रमांकाचं स्वप्न घेऊन आला असेल. कदाचित त्याची फी दुसऱ्या कुणी भरली असेल आणि वाटणी करायची मोकळीक त्याला नसेल. ते आपल्याला कळायची गरज नाही. रागाच्या भरात ‘‘आता बघतोच तुला’’ म्हणून एकट्यावर तुटून पडणं, हे तर सरळ गैर आहे. दोघांनी मिळून तिसऱ्याला पाडायचं ठरवलं तर त्याला संगनमत म्हणतात, आणि त्यासाठी आयोजक टूर्नामेंटमधून बाहेर काढू शकतात.

विचारायचं केव्हा? डाव चालू असताना कधीच नाही. समोरच्यानं सगळ्या चिप्स पुढे सारल्यात, तो विचारात आहे आणि तेवढ्यात तू वाटणीचं काढलंस, तर तो आता पत्त्यांचा विचार करणार की तुझा? डाव संपू दे, पत्ते गोळा होऊ देत. मग डीलरला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याला, सांगायचं, ‘‘फ्लोअरला बोलवा, आकडे बघायचेत.’’ फ्लोअर म्हणजे तिथला पंच. तो घड्याळ थांबवतो, चिप्स मोजून घेतो. घड्याळ चालू ठेवून बोलणी लांबवली तर ब्लाइंड वाढतात आणि लहान ढिगाचा माणूस बसल्या जागी झिजतो. हा दबावच आहे, तोंडानं न बोललेला.

विचारायचं ते सगळ्यांना एकदम. टेबलावर, मोठ्यानं, सगळ्यांना कळेल त्या भाषेत. विश्रांतीच्या वेळी एकाला सिगारेटच्या कोपऱ्यात गाठून ‘‘आपण दोघं ठरवू’’ म्हणायचं नाही. आपण मराठी माणसं परक्या मुलखात भेटलो की लगेच मराठीत सुरू होतो, ते स्वाभाविकच आहे. पण टेबलावर चौघांतले दोघं मराठीत बोलू लागले की उरलेल्या दोघांना शंका येते, आणि ती यायलाच हवी. तिथे हिंदी किंवा इंग्रजी. मराठी नंतर, जेवताना.

‘‘आणि कमी चिप्सवाल्यानं विचारलं तर?’’ बहिणीनं मध्येच विचारलं. खुशाल विचारावं. काहीजणांना ते भीक मागितल्यासारखं वाटतं, पण विचारण्यात कमीपणा कसला? उलट मोठ्या ढिगाच्या माणसानं सुचवताना जरा जास्त जपावं, कारण त्याच्या सुचवण्याला वजन असतं. त्याच्या जागी मी असेन तर आधी फ्लोअरकडून आयसीएमचे आकडे कागदावर घेईन, तो कागद सगळ्यांत आधी सर्वांत लहान ढिगाच्या माणसापुढे ठेवीन आणि त्याला वाचायला वेळ देईन.

सगळे हो म्हणाले तरी काम संपत नाही. बऱ्याच ठिकाणी थोडी रक्कम बाजूला ठेवून तिच्यासाठी खेळ पुढे चालवतात, म्हणजे पहिल्या क्रमांकाला अर्थ उरतो. आमच्या हिशेबात १० लाखांतले ४० हजार असे ठेवता येतील आणि ९ लाख ६० हजार वाटून घेता येतील. ट्रॉफीचं वेगळं बोलून घ्यावं लागतं. महाराष्ट्र केसरीची गदा कुणी अर्धी कापून देत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती स्पर्धा वाघोलीपासून जवळच, फुलगावला झाली. सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवलं आणि गदा एकाच्याच खांद्यावर गेली. पोकरमध्येही पैसे वाटले तरी ट्रॉफी खेळूनच घ्यायची, असं मला वाटतं. आणि वाटणीनंतर उरलेला खेळ मनापासून खेळायचा. डोळे मिटून चिप्स ढकलून देणं हा, जो ट्रॉफीसाठी झटतोय त्याचा अपमान आहे.

डीलमुळे निकाल आणि रक्कम यांची फारकत होते, ते पचवायची तयारी हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये लंडनला ट्रायटन मिलियन नावाची टूर्नामेंट झाली. फी १० लाख ५० हजार पौंड, त्यातले ५० हजार दानासाठी, खेळाडू ५४. शेवटी ब्रिन केनी आणि आरोन झँग उरले. केनीकडे चिप्स पुष्कळ जास्त होत्या. दोघांनी डील केली, मग खेळ पुढे चालला आणि जिंकला झँग. त्याला मिळाले १ कोटी ३७ लाख ७९ हजार ४९१ पौंड. हरलेल्या केनीला १ कोटी ६८ लाख ९० हजार ५०९. दोघांनी आधी दिलेला शब्द होता, तो दोघांनी पाळला.

शब्द पाळणं सोपं जावं म्हणून पैसे आयोजकांच्या खिडकीवरूनच वाटले जायला हवेत. ‘‘नंतर रूमवर देतो’’ हे चालू द्यायचं नाही, माणूस कितीही सज्जन असला तरी. यात कराची मेख आहे. आपल्याकडे अशा बक्षिसावर तीस टक्के कर जागीच कापतात, आणि तो ज्याच्या नावावर बक्षीस निघतं त्याच्या पॅनवर पडतो. धर, वाटणी तोंडीच ठरली, तू पहिला आलास आणि कागदोपत्री ५ लाख तुझ्या नावावर निघाले. दीड लाख कापले, हातात साडेतीन लाख. तुझा ठरलेला वाटा ३ लाख ८३ हजार ९२९, म्हणजे वरचे १ लाख १६ हजार ७१ आम्हा दोघांचे. ते पूर्ण दिलेस तर तुझ्याकडे उरले २ लाख ३३ हजार ९२९. रीतसर तुझ्याच वाट्यावर कर कापला असता तर २ लाख ६८ हजार ७५० उरले असते. आमचा कर तू भरलास, ३४ हजार ८२१ रुपये. इथेच मैत्र्या तुटतात. फ्लोअरनं लिहिलेल्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि नवी यादी खिडकीवर गेली की ज्याचा त्याचा कर ज्याच्या त्याच्या नावावर पडतो.

मदतीला असलेल्या डीलर मंडळींसाठी काही ठेवायचं असेल तर तेही वाटणीच्या आधीच सगळ्यांच्या संमतीनं ठरवावं, म्हणजे शेवटी एकट्यावर येत नाही.

शेंगदाणे आता पंचावन्नच उरले होते. बहिणीनं तिचा ढीग संपवला होता आणि माझ्यातले बरेचसे भाच्यानं खाल्ले होते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘आणि मलाच नको असली तर? तिघं माझ्याकडे बघतायत, फ्लोअर उभा आहे, घड्याळ थांबलंय. तेव्हा?’’

‘‘तेव्हा ‘थँक यू, खेळूया’ म्हणायचं.’’

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच. मग डीलरकडे बघायचं. तो पत्ते वाटायला लागतो.’’